मोहाचा डोहाळा

आमच्या बोरीत दिवस गेलेल्या बाईला कुणी नाही म्हणत नसे. एरवी सुनेला काय हवं, काय नको हे विचारायची रीतच नव्हती. पण एकदा का ती दोन जिवांची झाली, की तिनं चिंच मागितली तर चिंच, चुलीची भाजकी माती मागितली तर माती, आणि शेजारच्या घरातल्या कालवणाचा वास येऊन तोंडाला पाणी सुटलं तर तेही वाटीभर मागून आणायचं. मागतेय ती नव्हे, पोटातलं मागतंय, असं सगळे धरून चालत. त्याला नाही म्हटलं तर ते जन्मभर अंगावर खूण घेऊन हिंडतं. त्याची लाळ गळते, नाहीतर कान फुटतो.

माझ्या सासूबाई बयाबाई यांना तर हे कुणी सांगायची गरज नव्हती. माझे यजमान भगवंत आणि धाकटे दीर कुंडलिक यांच्यामध्ये त्यांना एक मुलगा झाला होता, सोमाजी. त्याच्या वेळी त्यांना कुकडी नदीतली वाम खावीशी वाटली होती. श्रावण चालू होता, त्यांच्या सासूनं घरात मासा येऊ दिला नाही. सोमाजीची लाळ कधी थांबली नाही, मान कधी धरली नाही, आणि तिसऱ्या वर्षी तो गेला. हे त्या आम्हाला कितीदा सांगायच्या. सांगताना पदरानं स्वतःचीच हनुवटी पुसत राहायच्या.

चिमा ही कुंडलिकची बायको, माझी धाकटी जाऊ. माहेर अवसरीचं. तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा ती बापाच्या मांडीवर झोपलेली होती. न्हाण आल्यावर नांदायला आली तेव्हा चौदावं लागलं असेल नसेल. येताना एका चिंधीत खेळायचे गजगे, म्हणजे सागरगोटे, बांधून घेऊन आली होती. मी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मला मूल नव्हतं, आणि ते पुढेही झालं नाही. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की ती मला ओढून परसात न्यायची आणि आम्ही दोघी गजगे खेळायचो.

"आक्का, तुज्या हातात कायबी ऱ्हात न्हाई गं," असं म्हणून ती माझे सगळे गजगे जिंकून घ्यायची आणि संध्याकाळी भाकरी थापताना एकेक करून परत द्यायची. नदीवर धुणं धुताना बुलबुलाला शीळ घालायची. बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणून सासूबाई रागवायच्या, पण त्यांनाही हसू यायचं. त्या काळची कुकडी, ते काळे गुळगुळीत खडक आणि ती शीळ अजून माझ्या कानात आहे.

नांदायला आल्यावर वर्षाच्या आतच तिला दिवस राहिले, आणि ती शीळ बंद झाली.

उलट्या तर सगळ्यांनाच होतात. पण हिच्या पोटात पाण्याचा घोट ठरेना. आंबील दिली, लाह्यांचं पाणी दिलं, लिंबू चोखायला दिलं, सगळं उलटून पडायचं. काम तर कुणाचं थांबत नाही. पहाटेचं दळण, शेण, पाणी, खुरपणी. एक दिवस विहिरीवरून येताना ती घागरीसकट वाटेत बसली ती उठेचना. तेव्हा गावची सुईण झुंबरबाई हिला बोलावलं. तिनं चिमाच्या पोटावर हात फिरवला.

"पोट पार थंड पडलंय पोरीचं," ती म्हणाली. "चमचाभर मोहाची द्या पाण्यातनं. ऊब आली की ठरंल."

मोहाची दारू आमच्या घरात शोधावी लागत नसे. सासरे, रखमाजी मामंजी, घेत ते जत्रेला किंवा बैल विकला गेला तर. कुंडलिक मात्र ओतूरच्या बाजाराला गेला की तिथल्या दारूच्या पिठ्यावर बसून यायचा आणि येताना एक शिसा भरून आणायचा. तो कोनाड्यात असायचाच. त्यातली चमचाभर सासूबाईंनी चिमाला पाजली. पहिल्यांदा दारू जिभेला लागलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक होतं. चिमानं तोंड वाकडं केलं नाही. मला तेव्हा जरा चमकल्यासारखं झालं. पण त्या संध्याकाळी तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि ती पोटात राहिली. सासूबाईंनी झुंबरबाईला खण दिला. मलाही बरंच वाटलं. कितीतरी दिवसांनी ती पोर शांत झोपली होती.

दोन-तीन दिवसांनी ती चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, त्ये परवाचं औषिद…"

"का गं? पुन्यांदा उलटी झाली व्हय?"

"न्हाई," चिमा खाली बघत म्हणाली. "घ्यावंसं वाटतंया."

सासूबाईंचा हात परातीतच थांबला. मग त्यांचं तोंड एकदम फुललं.

"अगं बया! डोहाळा लागला की गं हिला! मोहाचा डोहाळा!"

आमच्यात बाईमाणसानं दारूच्या शिशाला हात लावणं म्हणजे माहेरची वाट धरण्यासारखं. नवऱ्यानं बाहेर काढली तरी कुणी विचारायला येणार नाही. पण हे मागणं चिमाचं नव्हतंच. हे पोटातल्याचं. मग त्यात लाज कसली? सासूबाईंनी सगळ्या आळीला सांगितलं. बायका येऊन चिमाच्या हनुवटीला हात लावून जायच्या.

कुंडलिकची तर छाती फुगली. "माजा वाघ हाय त्यो," असं तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "बापाच्या आदी प्यायला शिकतोय."

"मग आता दोन शिसं आना राव," कुणीतरी म्हणायचं.

आणि तो आणायचाही. बाजारातून बायकोसाठी त्यानं काही आणलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, मणी नाही की फणी नाही. आता तो गाडीतून उतरला की आधी तिला हाक मारायचा. चिमा धावत दारात यायची. तिच्यासाठीही कुणी कधी काही आणलं नव्हतं.

चमच्याची वाटी झाली, आणि एका वाटीच्या दोन झाल्या. ती सासूबाई माझ्याच हातून द्यायच्या, कारण चूल माझ्याकडे होती. त्यामुळे मला जे दिसत होतं ते बाकीच्यांना दिसत नव्हतं. दारू ठरत होती, पण भाकरी मागे पडत चालली होती. दुपारी ती गोठ्यात गव्हाणीला टेकून झोपायची आणि हलवलं तरी उठायची नाही. पाचव्या महिन्याच्या मानानं पोट दिसत नव्हतं. हातपाय तर काडीसारखे. सकाळी उठल्यावर पहिली वाटी मिळेपर्यंत कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. हा डोहाळा नव्हता. सकाळच्या वेळी असं वागणारं माणूस घरात एक आधीपासून होतं, ते म्हणजे कुंडलिक.

मी शिशात पाणी घालायला लागले. आधी थोडं, मग जास्त.

एकदा नदीवर धुणं आपटता आपटता चिमा म्हणाली, "आक्का, पानी घालतीस न्हवं?"

मी लुगडं पाण्यात खळबळत राहिले.

"मला कळत न्हाई व्हय?" ती हसली. "आमच्या आबाचा शिसा मीच आनायची. बुचाला लागलेलं चाटत चाटत घरला यायची. आबा म्हनायचा, ह्या पिठेवाल्यानं पानी घातलंय. म्या म्हनायची, न्हाई आबा, ही कोरी हाय. मला समदं कळतंय."

"चिमे, ह्यो डोहाळा न्हाई."

"न्हाईच मुळी." तिनं धुणं पिळून खडकावर ठेवलं. "मला भ्या वाटतंया, आक्का. माजी आई बाळतपनातच गेली. म्या खोलीच्या दाराशीच व्हते. ती कशी वरडत व्हती त्ये डोळं मिटलं की ऐकू येतंया. ह्ये घेतलं की मग येत न्हाई."

"मग असं आत्याबाईंना सांग की."

"अन् त्या म्हनल्या, भ्या वाटतं म्हनून दारू पितीस, तर? डोहाळा म्हनलं की देत्यात." तिनं माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती. "तू सांगू नगंस. तुला माजी आन हाय."

तिनं शपथ घातली होती, तरीही मी सांगितलं. त्या पोरीचं आणि तिच्या पोटातल्याचं काय होईल हे मला नेमकं कळत नव्हतं. पण रोज थोडं थोडं काहीतरी संपत चाललंय हे दिसत होतं, आणि ते थांबवू शकेल असं माणूस घरात एकच होतं. मी सासूबाईंना परसात गाठलं.

"आत्याबाई, चिमाला त्ये बंद करूया. डोहाळा न्हाई त्यो, भ्यालीय ती. बापाच्या घरापासनं चव ठावी हाय तिला."

सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत कीव होती.

"थोरले," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुजं दुख मला कळतंय गं. तुजी कूस उजवली न्हाई, त्यात तुजा काय दोष. पर दुसरीच्या भरल्या पोटाच्या आडवं येऊ नगंस. लई वंगाळ असतंया त्ये."

एखादी लेकुरवाळी हेच बोलली असती तर कदाचित तिचं कुणी ऐकलं असतं. माझ्या तोंडातून आलं की त्याचं दुसरंच काहीतरी व्हायचं. त्या दिवसापासून चिमाचं ताट आणि वाटी सासूबाई स्वतः बघू लागल्या. चिमा माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मग आपणच येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिच्या तोंडाला वास येत होता.

रात्री मी यजमानांना सांगितलं. ते माझ्यावर कधी हात उगारणारे नव्हते, शब्दही वावगा बोलत नसत.

"तू गप ऱ्हा," ते म्हणाले. "उद्या काय वंगाळ झालं तर समदी तुज्या नावानं बोटं मोडतील. मग म्या बी तुला राखू शकनार न्हाई."

सातव्यात डोहाळेजेवण झालं. आळीतल्या बायका जमल्या. चिमाला हिरवं लुगडं नेसवलं, पाटावर बसवलं. तिला आवडणारं म्हणून पुरणपोळी, आमसुलाचं सार, शेंगदाण्याची चटणी असं सगळं ताटात वाढलं होतं, आणि ताटाच्या उजव्या बाजूला, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, मोहाची वाटी. ती बघून बायकांना नुसता ऊत आला होता.

"काय गं चिमे, पोरगं आदी बारशाला जायाचं का पिठ्यावर?"

"पाळन्याच्या दोरीला चिमनी नगं, शिसाच बांदा!"

"अन् घुटी उगाळायची तर कशात उगाळायची गं?"

चिमाही हसत होती. सासूबाई तर हसून हसून डोळे पुसत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

हिरवा चुडा भरायला जुन्नरची जोहराबी आली होती. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा व्यापार. डोक्यावर हारा घेऊन ती बोरीपर्यंत यायची आणि आमच्या आळीतला एकही हात तिला नवीन नव्हता. चिमाच्या लग्नाचा चुडा तिनंच भरलेला. तिनं चिमाचा हात मांडीवर घेतला.

"ढिला सोड बेटी. घाबरू नको."

हात ढिलाच होता, पण थरथरत होता. जोहराबीनं दोन्ही हातांनी धरला तरी थांबेना. तिनं मुद्दाम आवळ बांगडी काढली होती. पहिलटकरणीचा हात या दिवसांत भरतो, म्हणून ती दाबून दाबून चढवावी लागते. ही सरळ वर गेली आणि कोपराकडे घसरली. जोहराबीनं वाटीकडे बघितलं, मग चिमाच्या तोंडाकडे.

"बयाबाई, बुरा मानू नका," ती म्हणाली. "ह्याला डोहाळा म्हनू नका. ह्याला आदत म्हनत्यात. आमच्या चांदच्या बापाचा हात असाच हलायचा. पोरीला द्यायचं थांबवा."

हशा थांबला. एवढ्या बायकांमध्ये कुणीतरी मोठ्यानं म्हणालं होतं. मी पुढे होऊन तोंड उघडणार, तोच भिमाजी पाटलाची म्हातारी म्हणाली, "बी, तुमच्यात त्ये चालत न्हाई, म्हनून तुमाला तसं वाटतंया. आमच्यात देवाला बी दावत्यात."

"व्हय की! बी, तुमी बांगड्या भरा."

पुन्हा हशा झाला. जोहराबीनं एका मापानं लहान बांगड्या काढल्या, लहान मुलींच्या, आणि चुडा पुरा केला. जाताना ओट्याखाली मी तिचा हारा डोक्यावर चढवायला हात लावला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुजं बी ऐकत न्हाईत का गं?" मी मान हलवली. "माजं बी न्हाई," असं म्हणून ती वाटेला लागली.

आता एकच आशा उरली होती. पहिलं बाळंतपण माहेरी. अवसरीला आई नव्हती, पण चिमाची एक चुलती होती. तिथं गेली तर निदान ही वाटी सुटेल, असं मला वाटत होतं. तिचा बाप जानकू तिला न्यायला येणार असा निरोप आला तेव्हा मीच तिचं गाठोडं बांधून ठेवलं.

जानकू आला तो उन्हाचा, पायी. अंगणात बसून पाणी प्यायला आणि मग धोतराच्या सोग्यातून त्यानं एक शिसा काढला.

"माज्या लेकीला डोहाळं लागल्यात असं ऐकलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "गरीब बाप काय आननार? डोंगरातली हाय, पयल्या धारंची. लई लांबनं आनली."

चिमा बापाच्या गळ्यात पडून रडली. मामंजींनी जानकूला जेवायला घातलं. जेवताना त्यानं सांगितलं की चुलती तापानं अंथरुणाला खिळलीय, तेव्हा बाळंतपण इथंच करा म्हणून हात जोडायला तो आला होता. मामंजी म्हणाले, "पावनं, त्यात काय, ती आमची लेकच हाय." संध्याकाळी तो परत गेला. मी गाठोडं सोडलं आणि एकेक लुगडं पुन्हा वळणीवर टाकलं.

नववा लागायच्या आधीच, सकाळच्या उन्हात, तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. आईची आठवण काढून ती ओरडत होती. सासूबाईंनी तिला खूप पाजलं, दुखणं हलकं व्हावं म्हणून. मी आत जायला निघाले तर झुंबरबाईनं दारातच अडवलं. मूल नसलेल्या बाईनं पहिलटकरणीच्या खोलीत येऊ नये. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि आतून आवाज येईना झाला तेव्हा भिंतीवर हात आपटत राहिले.

मुलगा झाला. चिमा जगली. हे सांगायला सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी मला मिठी मारली, सगळं विसरून.

मुलगा अगदी एवढासा होता, सोललेल्या मक्याच्या कणसाएवढा. आणि तो रडायचा थांबेना. बारीक, किरट्या आवाजात, रात्रभर. त्याचे हात आणि हनुवटी सारखी हलत होती. छातीला लावला तर तोंड बाजूला करायचा. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी झुंबरबाई म्हणाली, "काय मागतोय कुनाला ठावं," आणि तिनं बोट शिशात बुडवून त्याच्या ओठांवर फिरवलं. त्यानं बोट चोखलं. हात हलायचे थांबले. रडणं थांबलं. तो झोपला.

"बगा!" सासूबाईंना हुंदका फुटला. "म्या म्हनलं न्हवतं? ह्याचाच डोहाळा व्हता त्यो! ह्योच मागत व्हता!"

दारात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मीही ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

मूल बाहेर आलं म्हणजे डोहाळे संपले. सासूबाईंनी उरलेला शिसा कुंडलिकला दिला, रिकामा झालेला राखेनं घासून त्यात बाळाच्या अंगाला लावायचं तेल भरलं. चिमानं मागितलं तेव्हा त्या मायेनंच म्हणाल्या, "आता कशाला गं बाई? आता आळीव खा, डिंक खा."

तिसऱ्या दिवशी तिला दरदरून घाम फुटला. हात धरवेना. गोधडीवरून काहीतरी झटकत राहिली. "मुंग्या, आक्का, मुंग्या काड गं," असं म्हणून माझ्या अंगावरूनही झटकायची. मुंगी एकही नव्हती. बाहेरचं लागलं म्हणून देवऋषी आणला. त्यानं लिंबं उतरवली, अंगारा लावला. मी कुंडलिकपाशी गेले. मी दिराशी सहसा बोलत नसे.

"भावजी, एक घोट द्या तिला. फकस्त एक. तुमाला मागं ताप आला व्हता, बाजार चुकला व्हता, तवा तुमी बी असंच करत व्हता."

त्याच्या हातात पेला होता.

"वैनी, डोकं फिरलं का तुमचं? बाईमानूस दारू पितं व्हय कुटं? लोक काय म्हनतील?"

ती त्यातून वाचली ती कशी, मला ठाऊक नाही. दोन रात्री मी तिला धरून बसले होते. तापलेल्या अंगात ती एकदा बडबडली, "आक्का पानी घालती… आक्का पानी घालती शिशात." सासूबाई पायाशी बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

मुलाचं नाव आजोबाच्या बापाचं ठेवलं, रावजी. आम्ही त्याला रावबा म्हणायचो. चिमाला दूध फारसं आलं नाही. शेळीच्या दुधावर तो वाढला, म्हणजे जेवढा वाढला तेवढा. डोळे बारीक. नाक आणि वरचा ओठ यांच्यामध्ये सगळ्यांना असते ती पन्हळ त्याला नव्हतीच, तिथं अगदी सपाट होतं. ना बापासारखा, ना आईसारखा. वर्ष होऊन गेलं तरी बसेना. हाक मारली तर उशिरा वळायचा. झोपेत दचकायचा. तो जास्त वेळ माझ्याच कडेवर असायचा. त्याला मी घेतलेलं कुणाला खुपत नव्हतं.

एक दिवस त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली आणि सासूबाईंनी ती पदरानं पुसली. पुसता पुसता त्यांचा हात तसाच राहिला.

"सोमाजीवानीच," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "डोहाळा पुरा झाला न्हाई. कसा व्हईल? पानी घालत व्हतीस न्हवं तू?"

त्या मला मारायला धावल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी फक्त रावबाला माझ्या कडेवरून काढून घेतलं आणि त्याला छातीशी धरून आत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी तो रडायला लागला तेव्हा स्वतःच आणून पुन्हा माझ्याकडे दिला. पण ती गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली होती. आज जरी त्या समोर उभ्या राहिल्या तरी मी त्यांना कशी पटवणार, मला सुचत नाही. त्यांनी दोन लेकरं बघितली होती. दोघांची लाळ बघितली होती.

चिमा आता पंधरा-सोळा वर्षांची. कामाला वाघासारखी, पण मध्येच घागर भरता भरता थांबायची आणि पाण्याकडे बघत राहायची. कुंडलिक पेला घेऊन बसला की ती त्याच्यासमोरून उगाच दोनदा जायची. एकदा माझे केस विंचरताना तिनं विचारलं, "आक्का, अंगावर पाजत नसलं की दिवस लवकर जात्यात म्हनं. खरं का गं?"

"तुला कशाला आत्ताच दुसरं? पयल्याच्या वक्ताला मरत मरत वाचलीस."

"तसं न्हाई." ती फणी केसांत तशीच धरून उभी राहिली. "दिवस असलं की समदी किती चांगली असत्यात."

पुढं संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी ती परसातून तोंड पुसत आली. मी रावबाला भात भरवत होते. तिनं मला डोळ्यांनीच खूण केली आणि हसली. कितीतरी दिवसांनी तिचं ते पूर्वीचं हसू मी पाहत होते, गजगे जिंकल्यावरचं. मग ती सरळ सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि डोक्यावर पदर घेऊन काहीतरी पुटपुटली.

सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच, "काय खावंसं वाटतंया, माय?"

मी हातातला घास खाली ठेवला. "आत्याबाई—" म्हणून रावबाला कडेवर घेऊन उठले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"कुंडलिका!" त्यांनी ओट्यावर हाक दिली. "आज बाजार हाय न्हवं? चांगली बगून आन. अन् ह्या खेपेला शिसा माज्या हातात द्यायचा. चुलीपाशी न्यायचा न्हाई."

कुंडलिक हसत उठला आणि गाडी जुंपायला गेला. चिमा त्याच्या मागून दारापर्यंत धावली. माझ्या कडेवरचा रावबा गाडीचा आवाज ऐकून उशिरानं तिकडे वळला, तोवर गाडी आळीच्या वळणावर पोचली होती. चिमा उंबऱ्यावर चवड्यांवर उभी राहून, पदर सांभाळायचाही विसरून, लहान मुलीसारख्या आवाजात ओरडत होती.

"बिगी बिगी या हं! वाटंत कुटं बसू नगा!"